सेंद्रिय रसायन : अकरावी-बारावीचे पुस्तक पुन्हा वाचताना



या टिपणात नवीन धडा नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे तुम्ही ज्या पुस्तकावर घालवली, त्या एनसीईआरटीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातील सेंद्रिय रसायनाच्या प्रकरणांबद्दल मला काही बोलायचे आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रथम वर्षाला रसायनशास्त्र शिकवतो. वर्गात मंडळे निराळी असतात, शाळेचे माध्यम निराळे असते, पण प्रवेश परीक्षांमुळे हे पुस्तक बहुतेकांच्या हाताखालून गेलेले असते. म्हणून त्याचे गुणदोष हा तुम्हां सर्वांचाच विषय आहे.

काही वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत एका मुलीला मी क्लोरोबेंझीनबद्दल विचारले. क्लोरीन काढून तिथे हायड्रॉक्सिल गट बसवायचा असेल तर तापमान किती लागते? ती म्हणाली, ६२३ केल्विन. पॅरा जागी एक नायट्रो गट असेल तर? ४४३. ऑर्थो आणि पॅरा असे दोन असतील तर? ३६८. तीन असतील तर? ‘कोमट पाणी पुरतं, सर.’ चारही उत्तरे अचूक होती. मग मी विचारले, तापमान असे खाली का येत जाते? ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘ते आमच्या चार्टमध्ये नव्हतं, सर.’

चार्टमध्ये नव्हते, पण पुस्तकात होते. त्याच प्रकरणात, त्या अभिक्रियांच्या लगेच खाली. हायड्रॉक्साइड वलयातील कार्बनवर येऊन बसतो तेव्हा वलयावर ऋणप्रभार येतो आणि तो ऑर्थो व पॅरा जागांवर पसरतो. नेमका तिथे नायट्रो गट असेल तर तो हा प्रभार स्वतःकडे ओढून घेतो, मधली अवस्था स्थिर होते आणि अभिक्रिया सोपी होते. नायट्रो गट मेटा जागी असेल तर प्रभार तिथवर पोचतच नाही, म्हणून त्याचा तसा उपयोग होत नाही. हे एकदा कळले की चारही आकडे पाठ करण्याची गरज उरत नाही. निदान ते कोणत्या क्रमाने येतील हे तरी विसरणे अशक्य होते.

त्या मुलीला मी दोष देत नाही. मी स्वतः बारावीत याहून वेगळा नव्हतो. रूपांतरांच्या साखळ्या लिहिलेला एक मोठा कागद माझ्या खोलीच्या दाराला चिकटवलेला असे. गुण चांगले पडले आणि जून उजाडेपर्यंत सगळे विसरलो. एम.एस्सी.ला आल्यावर हाच विषय पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. प्रश्न असा की कारण पुस्तकात असूनही ते हाती का लागत नाही? माझ्या मते याचा एक भाग पुस्तकाच्या मांडणीत आहे.

सेंद्रिय रसायनाची सगळी ‘का’ची उत्तरे अकरावीच्या एका प्रकरणात एकवटली आहेत : मूलभूत तत्त्वे आणि तंत्रे यांचे प्रकरण. इंडक्टिव्ह परिणाम, संस्पंदन, हायपरकॉन्जुगेशन, न्यूक्लिओफाइल, इलेक्ट्रोफाइल, कार्बोकॅटायन, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे वक्र बाण, हे सारे तिथे आहे. पण या प्रकरणात आधी नामकरण येते, तेही पानेच्या पाने. इलेक्ट्रॉनपर्यंत पोचेतो विद्यार्थी दमलेला असतो आणि सेंद्रिय म्हणजे नावे ठेवण्याचा नियमसंग्रह असे त्याचे मत झालेले असते. शिवाय सध्याच्या आवृत्तीत हे प्रकरण आणि हायड्रोकार्बन ही पुस्तकातली शेवटची दोन प्रकरणे आहेत. शेवटची प्रकरणे वर्गात कशी ‘उरकली’ जातात हे तुम्हांला मी सांगायला नको.

बारावीत मात्र मांडणी बदलते. हॅलोअल्केन, अल्कोहोल, आल्डिहाइड, अमाइन असा एकेक क्रियात्मक गट घ्यायचा. त्याचे नामकरण, तयार करण्याच्या पद्धती, भौतिक गुणधर्म, रासायनिक गुणधर्म, उपयोग. संदर्भासाठी ही रचना सोयीची आहे. शिकण्यासाठी ती फारशी चांगली नाही, कारण एकच विचार पाच प्रकरणांत पाच वेगळ्या शीर्षकांखाली विखुरतो आणि तो एकच आहे हे कोणी सांगत नाही.

आल्डिहाइड तयार करण्याची पाने उघडून पाहा. रोझेनमुंड, स्टीफन, इटार्ड, गॅटरमन-कॉख : दोन-तीन पानांत चार आडनावे. नवख्या मुलाला हे एखाद्या लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखे वाटते. ओळख होते, पण कोण कोणाचा ते लक्षात राहत नाही. खरे तर गॅटरमन-कॉख सोडून बाकीच्या तिघांचे काम एकच आहे. आल्डिहाइड ही मधल्या पायरीवरची वस्तू आहे. ऑक्सिडीकरण सुरू केले तर ते पुढे आम्लापर्यंत धावते, क्षपण सुरू केले तर ते अल्कोहोल किंवा अमाइनपर्यंत धावते. त्याला अर्ध्या वाटेवर थांबवायचे कसे, एवढाच प्रश्न आहे. रोझेनमुंडमध्ये पॅलेडियम बेरियम सल्फेटवर घेतात, कारण असा उत्प्रेरक मुद्दाम मंद केलेला असतो. स्टीफनमध्ये नायट्राइलचे क्षपण इमाइनपाशी थांबवून मग जलापघटन करतात. इटार्डमध्ये क्रोमिल क्लोराइडमुळे टोल्यूईनच्या मिथिल गटाचे असे संयुग बनते की ते पुढे सहज ऑक्सिडाइज होत नाही. टोल्यूईनच्या बाबतीत पुस्तक हा थांबवण्याचा मुद्दा एका वाक्यात सांगते. रोझेनमुंडपाशी मात्र फक्त उत्प्रेरकाचे नाव आणि अभिक्रियेचे नाव. ते एक वाक्य सुरुवातीला घेऊन त्याखाली तिन्ही अभिक्रिया मांडल्या असत्या, तर मुलांच्या डोक्यावरचा बराच भार कमी झाला असता. गॅटरमन-कॉख या रांगेत बसत नाही. ती बेंझीनवरची इलेक्ट्रोफिलिक प्रतियोजन अभिक्रिया आहे, तिची जागा फ्रीडेल-क्राफ्ट्सच्या शेजारी.

आता पुस्तकाच्या बाजूने बोलतो, कारण त्यात अशी काही पाने आहेत की ती मला महाविद्यालयीन ग्रंथांइतकीच आवडतात. पुस्तक जिथे स्वतःचाच नियम मोडून दाखवते, तिथे ते सर्वांत चांगले आहे. उदाहरणार्थ ॲनिलीनचे नायट्रेशन. अमिनो गट नव्या गटाला ऑर्थो आणि पॅरा जागी पाठवतो, हे आपण घोकलेले असते. मग पुस्तक प्रत्यक्षातले प्रमाण देते : पॅरा ५१ टक्के, मेटा ४७ टक्के, ऑर्थो २ टक्के. जवळजवळ निम्मे उत्पादन ‘चुकीच्या’ जागी! कारण नायट्रेशन तीव्र आम्लात होते, आम्लात ॲनिलीनचा नायट्रोजन प्रोटॉन घेतो, वलयाला द्यायला त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी उरत नाही आणि झालेला ॲनिलिनियम आयन मेटाकडे वळवतो. नियम खोटा नव्हता. ज्या रेणूसाठी तो होता तो रेणूच परीक्षानळीत फारसा उरला नव्हता. रसायनशास्त्रज्ञ कसा विचार करतो हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला शालेय पुस्तकात दुसरे आढळत नाही. दुर्दैवाने प्रश्नपत्रिकेत ते ‘कारण द्या’ या सदराखाली येते, आणि म्हणून तेही पाठ केले जाते.

पेरॉक्साइड परिणामाचेही तसेच. खराश आणि मेयो यांनी शिकागो विद्यापीठात १९३३ मध्ये दाखवले की पेरॉक्साइड असेल तर हायड्रोजन ब्रोमाइड मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाच्या उलट जोडला जातो. पुस्तक इथे थांबत नाही. क्लोराइड आणि आयोडाइड असे का वागत नाहीत हेही बंधऊर्जेच्या आधारे सांगते : हायड्रोजन-क्लोरीन बंध इतका बळकट की तो मुक्त मूलकाने तुटत नाही, हायड्रोजन-आयोडीन बंध कमकुवत, तो तुटतो, पण आयोडीनची मूलके दुहेरी बंधाकडे न जाता एकमेकांशीच जोडी जमवतात. एकाच परिच्छेदात भौतिक रसायन आणि सेंद्रिय रसायन हातात हात घालून येतात.

हे हातात हात घालणे एरवी फार कमी दिसते. ह्यूज आणि इंगोल्ड यांच्या १९३७ च्या कामाचा उल्लेख हॅलोअल्केनच्या प्रकरणात आहे. एसएन-२ अभिक्रियेत रेणू वाऱ्यात उलट्या झालेल्या छत्रीसारखा पालटतो ही उपमाही आहे, आणि ती मुलांना कायम आठवते. पण ‘२’ हा आकडा मोजून काढलेला आहे, हे आठवत नाही. मिथिल क्लोराइडचे प्रमाण दुप्पट केले तर वेग दुप्पट, हायड्रॉक्साइडचे दुप्पट केले तरी वेग दुप्पट. म्हणजे निर्णायक पायरीत दोघेही हजर आहेत. ही माहिती पहिल्या भागातल्या रासायनिक गतिकीच्या प्रकरणातून येते. तिथे तुम्ही आलेख काढून गुण मिळवलेत. तो आलेख रेणूच्या आत डोकावण्याची खिडकी आहे, हे बहुधा कोणी सांगितले नाही.

थोडे शब्दांविषयी. ज्यांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले त्यांना अकरावीत इंग्रजी संज्ञांचा दणका बसतो. पण ‘केंद्रकस्नेही’ हा शब्द सोडून देऊ नका. न्यूक्लिओफाइल म्हणजे काय हे आठवावे लागते, केंद्रकस्नेही स्वतःच सांगतो की हा धनप्रभाराच्या शोधात आहे. उलट ‘सेंद्रिय’ शब्दाने मात्र घोटाळा होतो. बाजारातला सेंद्रिय गूळ आणि आपल्या विषयातले सेंद्रिय संयुग यांचा अर्थ वेगळा. पॉलिथीनची पिशवीही आपल्या लेखी सेंद्रियच. १८२८ मध्ये वोलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हापासून सजीवांशी असलेले या शब्दाचे नाते सैल झाले. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकाने ‘कार्बनी संयुगे’ म्हटले आहे, ते मला अधिक नेमके वाटते.

माझी सर्वांत मोठी तक्रार जे आहे त्याबद्दल नाही, जे गेले त्याबद्दल आहे. भार कमी करण्याच्या नावाखाली बहुवारिके आणि दैनंदिन जीवनातील रसायन ही दोन्ही प्रकरणे बारावीच्या पुस्तकातून वगळली गेली. भार कमी करायलाच हवा होता, याबद्दल वाद नाही. पण आडनावांच्या याद्या तशाच ठेवून नेमके ते प्रकरण काढले, जिथे आधीचे सगळे कामी येत होते. ॲडिपिक आम्लाची दोन टोके आणि हेक्झामिथिलीन डायअमाइनची दोन टोके एकमेकांना धरत गेली की नायलॉन ६,६ तयार होतो. आम्लांचे प्रकरण आणि अमाइनचे प्रकरण हातातल्या दोरीत एकत्र आलेले तिथे दिसत असे. अभियांत्रिकीच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रथम वर्षाला बहुवारिके आहेतच. आता ती शिकवताना मी मागे वळून पाहतो तर पूल काढून घेतलेला असतो. आमचाही दोष आहे : आम्ही पाण्याच्या कठीणपणापासून सुरुवात करतो आणि तुम्ही शिकून आलेल्या बाणांना सहा महिने हातही लावत नाही. जमल्यास ग्रंथालयातून पुस्तकाची जुनी आवृत्ती काढा आणि ते प्रकरण वाचा.

आणि बाकीचे पुस्तक वाचायचे तर नियम जिथे मोडतो तिथून वाचा. ॲनिलीनचेच पान घ्या. आधी त्याचे ॲसिटिलेशन केले आणि मग नायट्रेशन केले, तर पॅरा उत्पादन मुख्य मिळते. का, ते पुस्तक मिटून कागदावर बाणांनी काढून पाहा. सुरुवात नायट्रोजनवरच्या जोडीपासून करा : आता ती कोणात वाटली गेली आहे, आणि आम्लाला सहजासहजी का मिळत नाही?