मुक्काम आणि स्थळ

मानवी भूगोल म्हणजे पिके, वस्त्या आणि लोकसंख्या यांची मोजदाद, ही समजूत ज्या ग्रंथांनी दूर केली, त्यांत यी-फू तुआन यांचा ‘स्पेस अँड प्लेस’ (१९७७) अग्रगण्य होय. गती जेथे थांबते तेथे ‘स्थळ’ आकारास येते, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन. विवेचन रसाळ आहे. परंतु थांबावयाचे कोठे आणि किती, हे दुसऱ्याच्या हाती असेल तर काय, हा प्रश्न तेथे गौणच राहतो. बदलीचा हुकूम झेलणाऱ्या आपल्या वाचकांस तो केवळ तात्त्विक वाटणार नाही.

डोरीन मॅसी यांनी नेमका तोच प्रश्न हाती घेतला. ‘अ ग्लोबल सेन्स ऑफ प्लेस’ (१९९१) या निबंधात त्या लंडनच्या किलबर्न हाय रोडवरून वाचकाला नेतात. आयरिश खुणा आणि साड्यांचे दुकान तेथे शेजारी नांदतात. स्थळ सीमेने नव्हे, तर दूरवर पसरलेल्या संबंधांच्या गुंफणीने घडते, हे त्यांना दाखवावयाचे आहे. शिवाय प्रवास सर्वांचा सारखा नसतो. कोणी तो स्वेच्छेने करतो, कोणावर तो लादला जातो.

मॅसींच्या विवेचनात तुआन यांची ऊब नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांची कसोटी अधिक कठोर आणि म्हणूनच उपयुक्त आहे. परक्या शहरात आपण मंडळ काढले, गणपती बसविला, एवढ्याने ते शहर आपले होत नाही. तेथील शेजाऱ्याच्या सुखदुःखाशी आपला धागा जुळला की नाही, हे पाहावे लागते.