‘शाळे’तील मैत्री

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून पुष्कळ वाचकांच्या मनात ती प्रेमकथा म्हणूनच बसली आहे. पुढे तीवर निघालेल्या चित्रपटाने तो समज दृढच केला. आमचे मत निराळे आहे. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी जे काही शिकतो, ते मुख्यतः सुऱ्या, चित्रे आणि फावड्या या सवंगड्यांच्या संगतीत. शिरोडकरवरील त्याचे प्रेमही त्याच मुशीतून आकार घेते.

अर्धवट बांधलेल्या इमारतीत ही चौकडी जमते, तेव्हाचे संभाषण वाचकांनी पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचावे. कोणती मुलगी कोणाला ‘लाइन’ देते याचा गंभीरपणे खल चालतो. मुलींविषयी बोलण्यास या मुलांपाशी अख्खी परिभाषा सिद्ध आहे. मुलींशी बोलण्यास मात्र एकही शब्द नाही. केवड्याच्या बाबतीत सुऱ्याची जी फजिती होते, ती दुष्टपणामुळे नव्हे, या दारिद्र्यामुळे. आपल्या शाळांनी मुलामुलींस एका वर्गात बसविले खरे. पण मुलगा मुलीशी दोन शब्द बोलला की ते प्रेमच, हे घराघरांतील समीकरण काही बदलले नाही. (कादंबरीला निव्वळ प्रेमकथा म्हणणारे आपण वाचकही तेच करतो, हे कबूल केले पाहिजे!)

आडनावांचाच प्रकार पाहा. चित्रेला चित्रे म्हणणे ही सलगी. शिरोडकरला शिरोडकर म्हणणे हा प्रथम केवळ अंतराचा संकेत. परंतु कथा पुढे सरकते तसतशी त्या कोरड्या आडनावातच माया उतरू लागते. मुलीचे नाव घेण्याची मोकळीक नसलेल्या जगात याहून जवळचे संबोधन कोठून यावे? बोकिलांचे खरे सामर्थ्य आम्हास येथे दिसते.

एक उणीव मात्र खुपते. शिरोडकर आपल्या मैत्रिणींपाशी या जोशीविषयी काय बोलत असेल? निवेदन मुकुंदाचे असल्याने ते कळणे शक्य नाही, हे समर्थन तंत्रदृष्ट्या बिनतोड आहे. तथापि ही कादंबरी वर्गात चर्चेस घेतली असता एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले, तेव्हा ते समर्थन सांगताना आमचा आवाज काहीसा खाली आला. मुलींच्या बाकावरून लिहिलेली, इतक्याच निर्भीड विनोदाची ‘शाळा’ आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.