भंगारातून पटाशी

अलेक्झांडर वेगर्स यांचे ‘द मेकिंग ऑफ टूल्स’ (१९७३) हे पुस्तक पटाशा विकत न आणता भंगारातल्या पोलादापासून घडवायला शिकवते. पाणी दिलेले पाते पुन्हा हलके तापवले की सुमारे २३०° सें.ला वाळल्या गवतासारखे पिवळे दिसते. ऑक्साइडच्या थराची जाडी अशी डोळ्यांना दिसते, म्हणून हा भाग आम्हांला फार आवडला. मात्र पाणी देताना नुसत्या लाल रंगावर विसंबू नये. सावलीत लाल दिसणारे पोलाद उन्हात काळे वाटते. शाळेतला चुंबक अधिक खरे सांगतो: ७३० ते ७७०° सें.च्या दरम्यान पोलाद त्याला चिकटेनासे होते. मग थोडे अधिक तापवून विझवावे. जुन्या कानशीला नुसती धार लावून लेथवर धरण्याचा मोह विद्यार्थ्यांना होईलच. तशी ती काचेसारखी तुटते.