गायस बाल्टारचं काय करायचं?

आज आपण एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्राबद्दल बोलणार आहोत. मालिकेचं नाव 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', पात्राचं नाव गायस बाल्टार. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात अंतराळयानं कुठून आली, असं काहींना वाटेल. पण नीतिशास्त्राच्या वर्गात आपण रुळावरून धावणाऱ्या ट्रॉलीची कल्पित उदाहरणं वर्षानुवर्षं चघळत असतो, आणि त्यांतल्या माणसांना नाव नसतं, बाप नसतो, भीती नसते. इथे निदान ते सगळं आहे.

या बाल्टारवरून पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. मालिका २००९ साली संपली, वाद काही संपला नाही. एक तट म्हणतो, हा मानवजातीचा घातकी आहे, त्याला फासावर द्यायला हवं होतं. दुसरा म्हणतो, अहो, तो बिचारा आपल्यासारखाच दुबळा, फक्त प्रसंग भलता ओढवला. आमचं म्हणणं असं की दोन्ही तट एकाच प्रश्नापाशी अडकलेत: त्याचा हेतू काय होता? हेतूच्या वाटेने गेलं की बाल्टार हातातून निसटतो. तो निसटावा अशीच त्याची घडण आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसांच्या बारा वसाहती आहेत. माणसांनीच निर्माण केलेली सायलॉन नावाची यंत्रं एकदा बंड करून निघून गेलेली आहेत. चाळीस वर्षांनी ती परत येतात, अणुबाँब टाकतात, आणि अब्जावधींमधून सुमारे ५०,००० माणसं जहाजांच्या एका ताफ्यात उरतात. हे शक्य झालं, कारण संरक्षण खात्याची संगणक यंत्रणा आतून उघडली गेली होती. ती उघडली बाल्टारने. तो नावाजलेला शास्त्रज्ञ. त्याच्या प्रेयसीला त्याने आत जाऊ दिलं. तिची कंपनी पुढच्या कंत्राटासाठी माहिती काढते आहे, एवढंच त्याला वाटत होतं. म्हणजे लबाडी होती, नियमभंग होता, पण नरसंहाराचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. ती स्वतःच सायलॉन होती, हे त्याला बाँब पडायला लागण्याच्या जरा आधी कळतं.

१९७८ सालच्या मूळ मालिकेतही बाल्टार होता. तिथे तो जाणूनबुजून फितूर झालेला, सरळ खलनायक. त्याच्याबद्दल वाद घालायला काही उरतच नाही. २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी ही कथा नव्याने मांडली तेव्हा बाल्टारकडून एकच गोष्ट काढून घेतली: जाणीव. कृत्य तेच, परिणाम तोच. आणि सगळा पेच तिथून सुरू होतो.

इथे आपल्याला ॲरिस्टॉटलची आठवण व्हायला हवी. 'निकोमॅकियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात तो अज्ञानामुळे घडलेल्या कृत्यांबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगतो. अज्ञानामुळे केलेलं प्रत्येक कृत्य 'मनाविरुद्ध' घडलं असं म्हणता येत नाही. ते स्वेच्छेने केलेलं नव्हतं, एवढंच म्हणता येतं. मनाविरुद्ध घडलं असं म्हणायचं, तर कळल्यावर त्या माणसाला त्याचं दुःख व्हायला हवं, पश्चात्ताप व्हायला हवा. बघा, ही किती अडचणीची अट आहे. कृत्य काल घडून गेलं, आणि ते कोणत्या जातीचं होतं याचा निकाल आज मी त्याच्याकडे कसं पाहतो यावर थांबलेला. आपल्याला सवय असते हेतू आधी शोधायची, काळाच्या मागे जायची. ॲरिस्टॉटल पुढे बघायला सांगतो.

आता याच कसोटीवर बाल्टारला लावून पाहू. सत्य कळल्या क्षणी तो काय म्हणतो? माझा यात काही हात नाही. कोट्यवधी लोक मरणार आहेत हे समोरची बाई त्याला सांगते आहे, आणि त्याचं मन स्वतःच्या बचावाची तयारी करू लागतं. हे दृश्य विनोदी आहे. जेम्स कॅलिस या नटाने ते तसंच केलं आहे, आणि हसू आल्याची आपल्याला जरा लाजही वाटते.

पण लगेच दुसरं दृश्य येतं, आणि ते विसरून चालणार नाही. कॅप्रिका ग्रहावरून निघणाऱ्या एका छोट्या यानात मोजक्या जागा आहेत, चिठ्ठ्या टाकल्या आहेत. बाल्टारच्या शेजारच्या म्हातारीचा चष्मा हरवला आहे, ती आपला आकडा वाचायला त्याच्या हातात देते. तिचाच आकडा निघतो, ४७. क्षणभर मोह त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. तेवढ्यात हीलो नावाचा अधिकारी त्याला ओळखतो, नावाने हाक मारतो. बाल्टार दचकतो, मी काही केलं नाही म्हणतो, आणि मग सांगतो की सत्तेचाळीस या बाईंचा आहे. हीलो त्याला स्वतःची जागा देतो. हाक आली नसती तर त्याने काय केलं असतं? मालिका सांगत नाही, आणि आम्हाला वाटतं लेखकांनी फार शहाणपणा केला. बाल्टारचा चांगुलपणा बहुतेक वेळा कुणाच्या तरी नजरेखाली घडतो. खोटा म्हणता येत नाही, पण तो एकटा उभा राहत नाही.

नशिबाचा भाग तर पुढे फारच रंगतो. सायलॉन आता हुबेहूब माणसासारखे दिसतात, ते ओळखायचं काम बाल्टारकडे येतं. ओळखण्याची कुठलीच रीत हाताशी नसताना तो डोरल नावाच्या एका माणसाकडे बोट दाखवतो. थाप मारतो, म्हणा ना. डोरलला एका ओसाड तळावर सोडून देतात. आणि तो खरोखरच सायलॉन निघतो! निरपराध माणसाला मरायला सोडण्याची त्याची तयारी होती, पण नशिबाने तसं घडलं नाही. नंतर त्याच्याकडे खरी चाचणी येते, आणि बूमर ही वैमानिक सायलॉन आहे हे त्यात स्पष्ट दिसतं. तेव्हा तो घाबरून तिला सांगतो, तू माणूस आहेस. तीच पुढे कमांडर अडामांवर गोळ्या झाडते. थाप मारली तेव्हा खरी ठरली, खरं कळलं तेव्हा लपवलं.

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक नशिबावरच्या निबंधात एका लॉरीचालकाचं उदाहरण घेतलं. त्याची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. सगळे त्याला म्हणतील, तुझा दोष नाही. तरीही त्याला जी खंत वाटेल ती बाजूने पाहणाऱ्याच्या हळहळीहून वेगळी असेल, कारण ते त्याच्या हातून घडलं. आणि समजा तो सहज म्हणाला, माझा दोष नाही, चला, पुढे जाऊ? आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी चमत्कारिक वाटेल. बाल्टार म्हणजे 'चला, पुढे जाऊ' म्हणण्यासाठी आयुष्यभर धडपडणारा लॉरीचालक. त्याची तर चूकही होती.

तिसऱ्या पर्वात त्याला एक अजब आशा लागते: मीच सायलॉन असेन तर? म्हणजे मग मी स्वजातीचा द्रोही उरणार नाही, दुसऱ्या जातीचा वीर ठरेन. हिशेब द्यायचा नाही, खातंच बदलून टाकायचं. आणि त्याच्या डोक्यात जी प्रेयसी सतत दिसते, बोलते, तिला काही जण त्याची सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. सदसद्विवेकबुद्धी इतकी समजूत काढत नाही.

आता खटला. निवडणूक जिंकून बाल्टार राष्ट्राध्यक्ष झाला, ताफ्याला न्यू कॅप्रिका ग्रहावर उतरवलं, वर्षभराने सायलॉन आले, आणि त्याने शरणागती पत्करली. सायलॉन आले कसे? जीना नावाच्या सायलॉन स्त्रीला त्याने एक अणुबाँब दिला होता. त्या स्फोटाच्या खुणेवरून त्यांना ठिकाण सापडलं. मग माणसांना ठार मारण्याच्या यादीवर त्याची सही घेतली गेली, डोक्याला पिस्तूल लावून.

सुटका झाल्यावर त्याच्यावर खटला भरतात तो न्यू कॅप्रिकावरच्या कारभाराचा, आणि त्याच्या मुळाशी असते ती सही. म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात कमी स्वेच्छेची कृती! त्याचा जुना सहायक गेटा शपथेवर खोटं सांगतो की सही राजीखुशीने झाली. ली अडामा साक्षीला उभा राहतो आणि म्हणतो, आपण सगळ्यांनाच माफी दिली आहे. आत्मघाती स्फोट घडवणाऱ्यांना दिली, बंडखोरांना दिली, माणसांनी भरलेलं जहाज पाडणाऱ्या मला दिली. याला एकट्यालाच का नाही? आपल्याला आपली लाज एका माणसावर लादून त्याला बाहेर फेकायचं आहे. तीन विरुद्ध दोन मतांनी बाल्टार सुटतो.

ली बरोबर आहे. कायद्याच्या राज्यात असंच व्हायला हवं, आणि तो निकाल आमच्याही मनाला पटतो. पण त्या भाषणाने भारावून बरेच प्रेक्षक असं धरून चालतात की मालिकेने बाल्टारला मोकळं केलं. ते कसं? संरक्षण यंत्रणेचं दार उघडल्याचा आरोप त्या न्यायालयापुढे नव्हताच. अणुबाँब जीनाच्या हाती कुणी दिला, याचीही सुनावणी झाली नाही. ज्याच्याबद्दल त्याला उत्तर द्यायचं होतं ते प्रकरण उघडलंच नाही. बाहेर येताना बाल्टारला हे आपल्याइतकंच ठाऊक आहे, आणि तो गप्प आहे.

खरी सुनावणी होते चौथ्या पर्वात, 'द हब' या भागात. बाल्टार जखमी, औषधाच्या गुंगीत. शेजारी राष्ट्राध्यक्ष रोझलिन, जिला त्याने कधीकाळी कर्करोगातून वाचवलं आहे, आणि जिला आधीपासून संशय आहे. तो तिला सांगून टाकतो की दार मी उघडलं. पण कसं सांगतो ऐका. पूर येतो, माणसं वाहून जातात, पुराला कोणी दोष देतं का? मीही तसाच एक पूर. देवाने मला माफ केलं आहे. ॲरिस्टॉटलने मागितलेली गोष्ट इतकी जवळ आली, आणि त्या क्षणी बाल्टार स्वतःचं कर्तेपणच काढून टाकतो. रोझलिन त्याची जखम बांधणारी पट्टी सोडते, रक्त वाहू देते. मग तीच पुन्हा बांधते. का बांधते याची कारणं मालिका देते, पण तिने त्याला माफ केलं असं आम्हाला मुळीच दिसत नाही. तिने त्याला मारलं नाही, इतकंच.

इथे आमची या मालिकेबद्दल एक तक्रार आहे. शेवटच्या भागात कळतं की डोक्यातली ती प्रेयसी कुठल्यातरी दैवी योजनेची दूत होती. बाल्टार भाषण करतो की हे सगळं चांगल्यावाइटाच्या पलीकडच्या एका शक्तीचं काम आहे, आणि कथा त्याला दुजोरा देते. म्हणजे पुराचा युक्तिवादच वरून शिक्का मारून परत आला! चार पर्वं ज्या माणसाकडून हिशेब मागितला त्याला शेवटी विश्वरचनेने पावती देऊन टाकली. ही लेखनातली पळवाट आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र त्याच भागात एक छोटी जागा आहे. बाल्टार मुळात एरिलॉन या शेतकरी ग्रहावरचा. बापाची त्याला लाज वाटायची, गावची बोली त्याने घासूनपुसून टाकली होती. शेवटी नव्या पृथ्वीवर, पेरायला कुठे जमीन चांगली आहे असं बोलणं निघतं, आणि तो आपल्या कॅप्रिकाला म्हणतो, मला शेतीतलं कळतं. एवढं म्हणून त्याला रडू कोसळतं. ते रडणं कशाचं, बापाचं, की त्या अब्जावधींचं, की आता इथे आपल्याला ओळखणारं कुणी उरलं नाही याचं, हे ज्याने त्याने पाहून ठरवावं. रोझलिन तोवर गेलेली आहे. दार कुणी उघडलं ते मनाशी बाळगून असलेले ते दोघेच त्या माळावरून चालत जातात.