शेती की उद्योग? राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातील जिनिंग व्यवसायाचे स्थान आणि वऱ्हाडातील कापूस पुरवठा साखळीचे नियमन : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : औद्योगिक वर्गीकरण, जिनिंग-प्रेसिंग, पुरवठा साखळी, कापूस धोरण, वऱ्हाड

प्रस्तावना

कापसाच्या बाजाराचे नियमन ही वऱ्हाडासाठी नवी बाब नाही. कारंजा येथे 1886 मध्ये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ अस्तित्वात आली आणि 1897 मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. अमरावती, अकोला व परिसरातील गावांमध्ये उभी राहिलेली जिनिंग-प्रेसिंगची कारखानदारी याच बाजाराच्या आधाराने वाढली. असे असूनही राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या 2008 च्या आवृत्तीत ही कारखानदारी वस्त्रोद्योगात सापडत नाही. ती शेतीच्या विभागात नोंदली गेली आहे. वरवर पाहता हा केवळ सांकेतिक क्रमांकाचा प्रश्न वाटतो. परंतु ज्या क्रमांकाखाली व्यवसाय मोजला जातो, त्या क्रमांकाच्या आधारेच त्याच्यासाठी धोरण आखले जाते. सदर वर्गीकरण वऱ्हाडातील प्रत्यक्ष व्यवहाराशी कितपत जुळते आणि पुरवठा साखळीच्या नियमनावर त्याचा काय परिणाम होतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वर्गीकरणातील स्थलांतर

1970 व 1987 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणांत कापूस पिंजणे, स्वच्छ करणे व गाठी बांधणे हे काम सुती वस्त्रांच्या विभाग 23 मध्ये, गट 230 खाली होते. कापसापासून कापडापर्यंतच्या प्रवासातील ती पहिली औद्योगिक पायरी मानली जात होती. 1998 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी मेळ घालताना हे काम शेतीपूरक सेवांच्या 0140 या वर्गात हलविण्यात आले. 2004 मध्ये ते तेथेच राहिले आणि 2008 मध्ये त्याला काढणीपश्चात कामांमध्ये 01632 हा क्रमांक मिळाला.

यातील विसंगती अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत सहज दिसते. तुरीची डाळ करणारी मिल वस्तुनिर्माण उद्योगात मोडते. सरकीचे तेल काढणारी गिरणीही वस्तुनिर्माणातच मोडते. सूतगिरणी वस्त्रोद्योगाच्या विभाग 13 मध्ये येते. मात्र सूतगिरणीला रुई आणि तेलगिरणीला सरकी पुरविणारे जिनिंग तेवढे शेतीत राहते. एकाच साखळीतील आधीचा व नंतरचा दुवा वेगवेगळ्या खात्यांत विभागला गेला आहे.

निकषाची तपासणी

या स्थलांतरामागे दोन निकष आहेत. पहिला असा की, हे काम शेतकऱ्यासाठी मोबदला किंवा कराराच्या तत्त्वावर केले जाते. दुसरा असा की, त्यामुळे पीक प्राथमिक बाजारासाठी तयार होते. अमेरिकेसारख्या देशात हे दोन्ही निकष बऱ्याच अंशी लागू पडतात. तेथे शेतकरी आपला कापूस जिनमधून पिंजून घेतो आणि रुईची मालकी सामान्यतः त्याच्याकडेच राहते.

वऱ्हाडात चित्र उलट आहे. येथील शेतकरी रुई विकत नाही, सरकीसह कापूस विकतो. बाजार समितीत असो वा खेडा खरेदीत, मालकी पिंजण्यापूर्वीच बदलते. जिनिंगचालक स्वतःच्या भांडवलावर कापूस घेतो, भावाच्या चढउताराची जोखीम पत्करतो आणि रुई व सरकी स्वतंत्रपणे विकतो. ही शेतकऱ्याला दिलेली सेवा नव्हे. शिवाय प्राथमिक बाजाराचा टप्पा जिनिंगच्या आधीच पार पडलेला असतो. म्हणजेच दोन्ही निकष येथे गैरलागू ठरतात.

एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात परिस्थिती काहीशी निराळी होती. 1971 च्या कायद्यानुसार 1972-73 पासून राबविलेल्या या योजनेत कापूस पणन यंत्रणेच्या ताब्यात जाई आणि जिनिंग कारखाने प्रक्रियेचा ठरावीक दर घेऊन तो पिंजून देत. अंतिम विक्रीच्या यशापयशात शेतकऱ्याचाही वाटा असे. 1998 चा 'सेवा' हा शब्द त्या रचनेला निदान अंशतः तरी शोभणारा होता. 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि तो आधारही राहिला नाही. भारतीय कापूस महामंडळासाठी होणारे कराराचे जिनिंग वगळता व्यवसायाचे स्वरूप बदलले; क्रमांकाचे स्वरूप मात्र बदलले नाही.

आकडेवारीवरील परिणाम

वार्षिक उद्योग पाहणीत जिनिंगची गणना होतच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. कारखाना कायद्याखाली नोंद असलेल्या जिनांची गणना होते. परंतु ती विभाग 13 मध्ये न होता बियाणे प्रक्रियेसोबत एका वेगळ्या ओळीत होते. परिणामी 'वस्त्रोद्योग' या शीर्षकाखालील रोजगार व मूल्यवृद्धी पाहणाऱ्यास सूतगिरण्यांचे व यंत्रमागांचे जिल्हे दिसतात. कापूस पिकवून पिंजणारे जिल्हे दिसत नाहीत. वऱ्हाडात वस्त्रोद्योग नाही, असा जो समज रूढ आहे, त्यामागे वास्तवाबरोबरच मोजणीच्या या पद्धतीचाही हात आहे.

शासनव्यवहारातही हीच द्विधा दिसते. 2000 मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात संशोधन व लागवडीची पहिली दोन उपअभियाने कृषी क्षेत्राकडे होती. बाजार आवारांचा विकास आणि जिनिंग-प्रेसिंगचे आधुनिकीकरण ही उर्वरित दोन वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे होती. सांख्यिकीने ज्या व्यवसायाला शेती ठरविले, त्याच व्यवसायाला अनुदान मात्र उद्योग म्हणून मिळाले.

नियमनावरील परिणाम

अलीकडच्या काळात वस्त्राचे मूळ शोधण्याची सक्ती वाढत आहे. अमेरिकेचा उइघुर सक्तीच्या श्रमास प्रतिबंध करणारा कायदा जून 2022 पासून लागू झाला आणि त्यात कापसाला प्राधान्यक्रम मिळाला. भारतात 'कस्तुरी कॉटन' या नाममुद्रेखाली गाठींचा माग ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. फेब्रुवारी 2023 मध्ये कापसाच्या गाठींसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. जिनिंगचालकांच्या विरोधानंतर त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलण्यात आली.

गाठीवर खूण असणे ही कल्पना नवी नाही. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्यानेच प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक आवश्यक केला होता. मात्र तो माग कारखान्याच्या फाटकापर्यंतच जात असे, आणि मूळ अडचण आजही तेथेच आहे. अनेक गावांचा कापूस जिनच्या आवारात एकाच गंजीत मिसळला जातो. बाजार समितीची पावती शेतीच्या नोंदीत राहते, गाठीचा क्रमांक उद्योगाच्या नोंदीत राहतो आणि दोघांना जोडणारा धागा कोणाच्याच दप्तरात नसतो.

अशा स्थितीत नियमनाचा भार खालच्या टोकाकडे सरकतो. गाठीतील ओलावा व कचरा यांची जबाबदारी कायद्याने जिनिंगचालकावर टाकली, तरी तो ती कटतीच्या रूपाने शेतकऱ्याकडे सरकवू शकतो. महामंडळाच्या खरेदीतही 8 टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा असल्यास दर कमी होतो आणि 12 टक्क्यांवरील कापूस नाकारला जातो. शेतकरी दंड सोसतो. परंतु स्वच्छ कापसाचा जादा भाव साखळीत पुढे कोठे अडकतो, हे सांगणारी नोंद त्याच्या हाती नसते.

एक आक्षेप

जिनिंग हंगामी आहे, गावाशी जोडलेले आहे, तेव्हा ते शेतीत असण्यात वावगे काय, असा आक्षेप घेतला जाईल. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी समान वर्गीकरण हवे, हेही मान्य करावे लागेल. परंतु साखर कारखानाही हंगामी व गावाशी जोडलेलाच असतो. त्याला कोणी शेती म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय क्रमांक कायम ठेवूनही देशांतर्गत उपवर्ग करता येतात. पाचवा अंक त्यासाठीच असतो.

निष्कर्ष

1. वऱ्हाडातील जिनिंग हा प्रामुख्याने स्वमालकीच्या मालावर चालणारा प्रक्रिया उद्योग आहे. त्याला शेतीपूरक सेवा मानणे व्यवहाराशी विसंगत आहे.

2. स्वतःच्या मालाचे जिनिंग आणि कराराचे जिनिंग असे दोन उपवर्ग करावेत. तसेच वस्त्रोद्योगाचे आकडे जिनिंगसह व जिनिंगविना अशा दोन्ही प्रकारे प्रसिद्ध करावेत.

3. बाजार समितीची पावती व गाठीचा अनुक्रमांक यांची सांगड घातल्याशिवाय माग काढण्याची कोणतीही व्यवस्था शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.

4. गुणवत्तेची सक्ती करताना कटतीबरोबर जादा भावाचाही नियम असावा.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पंतप्रधान मित्र योजनेतील वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झाले. शेतापासून परदेशापर्यंतची संपूर्ण साखळी एकत्र आणणे हे या योजनेचे घोषित ध्येय आहे. त्या साखळीतील शेतानंतरचा पहिलाच दुवा आकडेवारीत वस्त्रोद्योगाबाहेर राहिला, तर उद्यानाच्या यशाचे मोजमाप होईल. त्यात वऱ्हाडातील कापूस उत्पादकाच्या पदरात काय पडले, याचे मोजमाप होणार नाही.