‘रणरागिणी’ आणि ‘गोलंदाज’

युद्ध करणाऱ्या स्त्रीविषयी मराठीत लिहावयाचे झाले, की ‘रणरागिणी’, ‘रणचंडिका’, ‘वीरांगना’ हे शब्द आपसूक लेखणीवर येतात. हे तीनही शब्द गौरवाचे आहेत. परंतु त्यांपैकी एकही हुद्द्याचा नाही. शिपायाला वेतन असते, वरिष्ठ असतो, बढती असते. चंडिकेला यांपैकी काहीच लागत नाही. स्त्रीला देवता ठरविले, की तिला पद देण्याचा प्रश्नच उरत नाही.

ह्या दृष्टीने विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचण्याजोगा आहे. वरसईचे हे भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीत होते. त्यांच्या वृत्तांतातील लक्ष्मीबाई नित्य व्यायाम करते, घोड्यांची पारख करते, कधी पुरुषवेशात तर कधी स्त्रीवेशात दरबारी बसते. गोडसे श्रद्धाळू होते. तथापि शौर्याइतकीच दिनचर्याही ते बारकाईने सांगतात. त्यामुळे राणीचे युद्धकौशल्य हा दैवी चमत्कार न वाटता अभ्यासाचे फळ वाटते. ग्रंथाचे खरे सामर्थ्य येथे आहे. मात्र १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो संपादून प्रसिद्ध केला, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली निघाली. सबब शब्दयोजनेविषयीचे अनुमान दुसऱ्या आवृत्तीवरूनच करणे इष्ट.

व्याकरणाची अडचण आहे काय? तशी ती दिसत नाही. ‘गोलंदाज’ हा मूळचा तोफखान्यातला शब्द क्रिकेटमध्ये गेला, आणि स्त्रियांचा खेळ रुळताच ‘गोलंदाज आली’ हा प्रयोगही रुळला. त्यासाठी नवा प्रत्यय शोधावा लागला नाही. लिंगभेदाचा भार क्रियापदाने उचलला. काम मिळाले, की शब्द वाट करून देतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्थलसेनेतील स्त्री-अधिकाऱ्यांचा कायम नियुक्तीचा हक्क मान्य केला. पायदळासारख्या प्रत्यक्ष लढाऊ दलांतील प्रवेश हा मात्र त्या निकालाचा विषय नव्हता. २०२३ साली तोफखान्यात स्त्री-अधिकारी दाखल झाल्या. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ युवतींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांना ‘रणरागिणी’ म्हणणे सोपे आहे. परंतु हा गौरव नेमणुकीच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, तो प्रश्न झाकतो. समीक्षकाने गौरवाचा शब्द दिसताच त्यामागे हुद्दा आहे की नाही, हे प्रथम तपासावे. ‘गोलंदाज’ हा शब्द तोफेपाशी परतावयास सिद्ध आहे. ‘रणचंडिका’ मखरातच राहील.