‘सागरसत्य’ या संज्ञेची चिकित्सा

उपग्रहाने टिपलेल्या समुद्राच्या रंगाची तुलना जहाजावरून वा मनोऱ्यावरून केलेल्या ज्या मोजणीशी केली जाते, तिला ‘सागरसत्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. संज्ञा आकर्षक असली, तरी तिच्यातील गृहीतक किनाऱ्याच्या पाण्यात टिकत नाही.

१९७८ साली निंबस-७ वरून गेलेल्या पहिल्या सागरवर्णमापकाच्या नावातच ‘किनारी क्षेत्र’ हे शब्द होते. तथापि त्याच्या पद्धतीला यश लाभले ते मुख्यतः खुल्या समुद्रात. याचे कारण मोरेल व प्रियर यांच्या १९७७ मधील वर्गीकरणात आढळते. खुल्या समुद्राचा रंग प्रामुख्याने सूक्ष्म वनस्पती ठरवितात. किनाऱ्याशी गाळ आणि विरघळलेली पिवळसर सेंद्रिय द्रव्ये त्यांत स्वतंत्रपणे भर घालतात. ही द्रव्ये हरितद्रव्याप्रमाणेच निळा प्रकाश शोषतात. म्हणून निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावर विसंबणारे सूत्र त्यांनाही हरितद्रव्यच समजते. शिवाय उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या निळ्या प्रकाशाचा सुमारे नऊदशांश भाग वातावरणाचा असतो. तो वजा करताना निकट-अवरक्त पट्ट्यात पाणी काळे असते असे मूळ पद्धत मानते. गढूळ पाणी तेथे उजळ दिसते. परिणामी वजाबाकी प्रमाणाबाहेर होते आणि निळ्या पट्ट्यात प्रसंगी ऋण आकडे येतात.

खरा प्रश्न यापुढचा आहे. २००६ साली बेली व वेर्डेल यांनी मांडलेल्या निकषांनुसार दोन मोजण्यांत तीन तासांहून अधिक अंतर नसावे, आणि भोवतालच्या चित्रबिंदूंत फार तफावत आढळल्यास ती जोडी वगळावी. खुल्या समुद्रासाठी हे निकष सयुक्तिक आहेत. परंतु जेथे भरतीनंतर सुमारे सहा तासांत ओहोटी येते, तेथे तीन तासांत पाणी अर्धे पालटलेले असते. आणि नदीमुखाशी तफावत हाच पाण्याचा स्वभाव असतो. उरतात ते निरभ्र दिवस आणि एकजिनसी पाणी. म्हणजे जे किनाऱ्याचे वैशिष्ट्य तेच चाळणीत गळते, आणि जाहीर होणारी त्रुटीची टक्केवारी उरलेल्या पाण्याची असते.

व्हेनिसजवळील ‘अक्वा आल्ता’ मनोऱ्यावर २००२ पासून चाललेल्या स्वयंचलित मोजणीने काळाचे अंतर पुष्कळ कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही मनोरा एका बिंदूचे पाणी पाहतो, उपग्रह शेकडो मीटरांच्या चौकोनाचे. मनोऱ्यावरील उपकरणालाही पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश अंदाजाने वजा करावा लागतो. तेव्हा हेही सत्य नव्हे. ती दुसरी साक्ष होय.

मराठीतील ‘पडताळा’ हा शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरतो. पडताळा दोन वह्यांचा घेतात. त्यांतली एक निर्दोष आहे असे आधीच ठरविलेले नसते. या अर्थाने किनारी पाण्याच्या प्रत्येक अहवालात स्वीकारलेल्या जोड्यांबरोबर वगळलेल्या जोड्यांची संख्या, वगळण्याचे कारण आणि भरती-ओहोटीची वेळ नोंदविली जाणे अगत्याचे आहे. त्यावाचून अचूकतेचा आकडा कोणत्या पाण्याविषयी बोलतो, हेच वाचकाला कळत नाही.